कुठे चिकटायचे, कधी सुटायचे

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोकांना ताप भरू लागला आणि जांघेत, काखेत गाठी उठल्या. पुढच्याच महिन्यात सुरतेत वेड रोडच्या बाजूच्या वस्त्यांमधली माणसे खोकता खोकता रक्त टाकू लागली. काही जण दवाखाना गाठल्यावर दिवस-दोन दिवसांत गेले. बीडचा गाठींचा ताप आटोक्यात राहिला. सुरतेत पन्नासच्या आसपास माणसे दगावली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले आणि काही लाख लोकांनी शहर सोडले. खान्देशातून पोटासाठी आलेले कामगारही त्यात होते. आज डिंडोली, नवागाम, लिंबायत या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसांची दाट वस्ती आहे. तिथल्या जुन्या माणसांना त्या दिवसांबद्दल विचारावे लागत नाही. घराजवळ उंदीर मेलेला दिसला की ते आपणहून सांगू लागतात.

दोन्हीकडचा जंतू एकच होता, यर्सिनिया पेस्टिस. हा खरोखर प्लेगच का, यावर तेव्हा तज्ज्ञांत चांगलीच खडाजंगी झाली होती; पुढे जंतूंच्या डीएनएची तपासणी झाली तेव्हा शंका मिटली. मग एकाच जंतूने एकीकडे गाठ आणि दुसरीकडे न्यूमोनिया कसा केला? वरवरचे उत्तर सोपे आहे. बीडला तो पिसवेच्या चाव्यातून कातडीखाली शिरला, सुरतेत माणसाच्या खोकल्यातून थेट फुप्फुसात गेला. त्याखालचा प्रश्न जास्त रंजक आहे: जंतू शरीरातल्या कोणत्या पेशीला धरतो, कशाने धरतो आणि धरल्यावर काय करतो? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर जे काम झाले, त्याचा हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. कुलूप आणि किल्लीचे चित्र काढून हा विषय शिकवला जातो, आणि त्या चित्राने जेवढे समजते त्याहून जास्त घोटाळा होतो. किल्ली फिरली की काम संपले. जंतूंचे काम तिथे संपत नाही. कुठे धरायचे याच्याइतकेच कधी सोडायचे यावर रोगाची तऱ्हा ठरते.

मुळात धरावे का लागते? आतडे आतला माल सतत पुढे ढकलत असते, मूत्रमार्ग दिवसातून अनेकदा धुतला जातो, श्वासनलिकेतले सूक्ष्म रोम कफ वर सारत असतात आणि रक्त तर वाहतेच. ज्याला धरता येत नाही तो वाहून जातो. म्हणून जंतूंच्या अंगावर पकडीची प्रथिने असतात. काही थेट पृष्ठभागावर, काही केसांसारख्या लांब तंतूंच्या टोकाशी. आपल्या पेशींवर बाहेरून साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांचे दाट आवरण असते, आणि बहुतेक जंतूंची पहिली पकड याच साखळ्यांवर बसते. पेशीवरच्या अशा धरण्याच्या जागेला शास्त्रज्ञ ग्राही म्हणतात.

याचा पहिला ठसठशीत पुरावा डुकरांच्या पिलांनी दिला. ई. कोलायच्या एका जातीने पिलांना जीवघेणी हगवण लागत असे. त्या जंतूच्या अंगावर के८८ नावाचे तंतू होते. १९७५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवले की काही पिलांच्या आतड्याला हे तंतू चिकटतच नाहीत, आणि ती पिले आजारी पडत नाहीत. हा गुण आईबापांकडून आलेला होता. जंतू तोच, गोठाही तोच, फक्त आतड्यावरची एक जागा नव्हती आणि रोग टळला. तंतूंविरुद्धची लस गाभण डुकरिणीला टोचली तर तिच्या दुधातून पिलांना संरक्षण मिळते, हेही त्याच सुमारास कळले. माणसांच्या बाबतीत इतके सरळ यश क्वचितच आले आहे, आणि ते का आले नाही हाच या लेखाचा बराचसा भाग आहे.

लघवीच्या जळजळीपासून सुरुवात करू, कारण डिंडोलीतल्या घरांत हा आजार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. घरी बसून साड्यांना लेस, टिकल्या लावण्याचे काम अनेक बायका करतात. नगावर पैसे असले की उठणे नको म्हणून पाणी कमी प्यायले जाते आणि लघवी रोखून धरली जाते. मग ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी होते, आठवड्याने दवाखाना होतो आणि कल्चरच्या रिपोर्टात बहुधा ई. कोलाय असे नाव येते. जगभरच अशा साध्या मूत्रसंसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच जंतूमुळे होतात. तो आपल्याच आतड्यातला रहिवासी असतो. मूत्राशयात तो टिकतो ते फिमएच नावाच्या प्रथिनामुळे. तंतूच्या अगदी टोकावर बसलेले हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरची मॅनोज ही साखर धरते.

या फिमएचची एक गंमत २००२ मध्ये उघड झाली. प्रवाहाचा जोर वाढला तर चिकटलेली वस्तू सुटायला हवी, असे आपण धरून चालतो. हे प्रथिन उलटे वागते. ओढ बसली की त्याचा आकार बदलतो आणि साखरेवरची पकड आवळली जाते. ओढ कमी झाली की ती ढिली पडते. लघवी वाहत असताना जंतू घट्ट धरून बसतो आणि ती थांबली की सैल होऊन अस्तरावर पुढे सरकतो. म्हणजे सुटण्याची वेळ ठरवण्याची सोय या प्रथिनाच्या घडणीतच आहे.

शरीरही काही हातावर हात ठेवून बसत नाही. आपल्या लघवीत युरोमोड्युलिन नावाचे प्रथिन भरपूर असते आणि त्याच्या अंगावर हीच मॅनोज साखर असते. जंतू अस्तराऐवजी त्याला धरतात आणि त्याच्यासकट बाहेर पडतात. तेही पुरले नाही तर मूत्राशय आपल्या अस्तरातल्या जंतू बसलेल्या पेशीच सोडून देतो. यावर जंतूची तोड अशी की तो पेशीच्या आत शिरून तिथे वाढतो, आणि वरच्या पेशी झडल्या तरी थोडे जंतू खालच्या थरात दडून राहतात. औषधाचा कोर्स पूर्ण करूनही काही बायकांना दोन महिन्यांत पुन्हा त्रास होतो. त्यात दरवेळी औषधाचा दोष नसतो, स्वच्छतेचा तर नसतोच. बाईला दोष देऊन मोकळे होणाऱ्या डॉक्टरांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

मग मॅनोजच पाण्यात घालून प्यायली तर? जंतू त्या साखरेला धरतील आणि निघून जातील. कल्पना इतकी सुंदर होती की तिच्या पुड्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. ब्रिटनमध्ये वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या सुमारे सहाशे महिलांवर सहा महिने नीट चाचणी झाली. २०२४ मध्ये निकाल आला: साध्या दिखाऊ पुडीपेक्षा तिचा काही फायदा दिसला नाही. प्रयोगशाळेत पटणारी गोष्ट माणसात फसण्याचे हे एकमेव उदाहरण नाही, पण मला ते फार बोलके वाटते.

आता हिवताप. या विषयात सर्वांत जास्त माल इथेच आहे, आणि सुरतेच्या पावसाळ्यात तो पुस्तकापुरता राहत नाही. महापालिकेचे कर्मचारी घरोघर तापाचे रुग्ण विचारत फिरतात, टाक्या बघतात, बोटाला टोचून रक्ताची पट्टी घेतात. ती पट्टी पुढे कुठे जाते ते पाहण्यासारखे आहे. काचेवर एकीकडे जाड थेंब, दुसरीकडे पातळ पसरलेला थर. सरकारी दवाखान्यांत तिला बहुधा जेएसबी रंग देतात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या दोघांच्या नावाची ही आपल्याकडचीच पद्धत. मग तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली थर सरकवत जायचे. व्हायव्हॅक्स असेल तर सगळ्या वयाचे परोपजीवी दिसतात: अंगठीसारखे कोवळे, पसरट वाढलेले, फुटायला आलेले. फाल्सिपेरम असेल तर बहुतेक वेळा फक्त बारीक अंगठ्या आणि क्वचित चंद्रकोरीच्या आकाराच्या पेशी. मधल्या वयाचे परोपजीवी जवळजवळ नसतातच.

ते जातात कुठे? फाल्सिपेरम तांबड्या पेशीत ४८ तास वाढतो. त्यातला उत्तरार्ध सुरू झाला की तो पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उभ्या करतो आणि त्यांच्यावर पीएफईएमपी१ नावाचे प्रथिन मांडतो. त्याच्या जोरावर ती तांबडी पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते. इथे चिकटणारा स्वतः जंतू नाही. त्याने ताब्यात घेतलेली आपलीच पेशी आहे. कारण प्लीहा. प्लीहेच्या अरुंद फटींतून जाताना ताठर झालेली पेशी अडकते आणि मोडली जाते, म्हणून तिकडे जायचेच टाळायचे. परोपजीवीचा हेतू एवढाच असावा, पण त्यात मेंदूच्या वाहिन्या तुंबल्या तर रोगी बेशुद्ध पडतो. पट्टीवर थोडेच परोपजीवी दिसले म्हणून फाल्सिपेरमचा रोगी हलका समजू नये, असे जुने डॉक्टर बजावतात ते यासाठी. पट्टीवर जे दिसते ते फक्त वाहते; चिकटून बसलेले काचेवर येत नाही. कार्डवरची झटपट चाचणी इथे उपयोगी पडते, कारण चिकटून बसलेला परोपजीवीही एक प्रथिन रक्तात सोडत असतो आणि कार्ड नेमके तेच पकडते.

या प्रथिनाची जनुके परोपजीवीकडे एक-दोन नाहीत, साठेक आहेत. एका वेळी एकच वापरात. आपल्या अँटिबॉडींनी ते ओळखायला सुरुवात केली की काही परोपजीवी दुसरे बाहेर काढतात. कोणते प्रथिन बाहेर आहे त्यावर चिकटण्याची जागा बदलते. १९९६ मध्ये कळले की गरोदर बायकांमध्ये जमणारे परोपजीवी वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या साखर-साखळीला धरतात. ही जागा पुरुषांत किंवा लहान मुलांत या रूपात नसतेच, म्हणून लहानपणापासून मलेरिया सोसलेल्या बाईलाही पहिल्या बाळंतपणात तो नव्याने भारी पडतो. पुढच्या खेपांना अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. एका चिकटण्याच्या जागेवरून एवढी विचित्र वाटणारी गोष्ट उलगडते, आणि असे उलगडे या विषयात पुष्कळ आहेत.

व्हायव्हॅक्सची कथा वेगळी आहे आणि तिच्यात एक मराठी नाव येते. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांना व्हायव्हॅक्स होत नाही, हे फार पूर्वीपासून माहीत होते. अमेरिकेतल्या लुई मिलर यांनी १९७६ मध्ये कारण दाखवले: त्यांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचे रक्तगटाचे प्रथिन नसते. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांच्या पेशींवर ते असते. पुढे मिलर यांच्याकडे चेतन चिटणीस आले. मुंबईच्या आयआयटीत भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस जीवशास्त्रात उतरला आणि परोपजीवीच्या लांबलचक प्रथिनातला नेमका कोणता तुकडा डफीला धरतो, ते १९९४ मध्ये त्यांनी मिलर यांच्याबरोबर दाखवून दिले. नंतर दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक-अभियांत्रिकी केंद्रात आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी याच तुकड्याची लस करण्याचा ध्यास घेतला. २०१० चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. या लसीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

रक्तगटाचा विषय निघालाच आहे तर मुंबईचा एक शोध सांगायला हवा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे रक्त शोधले की जे ओ गटासारखे दिसते, पण ओ गटाचे रक्तही त्याला चालत नाही. हाच बॉम्बे रक्तगट. मुंबई परिसरात तो साधारण दहा हजारांत एकाला असतो. ए, बी, ओ हे गट म्हणजे साखर-साखळीच्या टोकाची तऱ्हा. त्या टोकाखालचा एच हा पायाच बॉम्बे गटात नसतो. रक्तपेढीला ही अडचण, पण आतड्यातल्या अस्तरावरही अशाच साखळ्या असतात आणि जंतूंची नजर त्यांच्यावर असते. उलट्या-जुलाबांची साथ आणणारा नोरोविषाणू एच गटाच्या साखरेला धरतो. ज्यांच्या आतड्यात आणि लाळेत ती उतरत नाही त्यांना त्याच्या प्रमुख जाती सहसा लागत नाहीत. जठरात व्रण करणारा हेलिकोबॅक्टर लुइस-बी नावाची साखळी धरतो. ओ गटाच्या माणसाला पटकी झाली तर ती जास्त तीव्र होते. तोच ओ गट फाल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून मात्र काहीसे संरक्षण देतो, कारण चिकट झालेली तांबडी पेशी ए गटाच्या इतर पेशींना गोळा करते तशी ओ गटाच्या पेशींना करू शकत नाही. चांगला रक्तगट कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर गावात कोणती साथ आहे त्यावर अवलंबून राहील.

आता फ्लू. डिंडोलीहून गावाकडे जायचे तर उधन्याहून तापी लाइनची गाडी. व्यारा, मग नवापूर. या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात, हे प्रवासी एकमेकांना दरवेळी नव्याने सांगतात. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू याच नवापूरच्या कोंबड्यांमध्ये सापडला. पुढे सीमेपलीकडे गुजरातेत उच्छलला, मग जळगाव जिल्ह्यात. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि पोल्ट्रीवाले कंगाल झाले. पण शेडमध्ये राबणाऱ्या, मेलेली पाखरे हातांनी उचलणाऱ्या माणसांपैकी कोणाला हा फ्लू झाल्याचे तपासणीत निघाले नाही.

फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायॅलिक आम्ल या साखरेला धरतो. ही साखर खालच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेली असते. पक्ष्यांच्या आतड्यात एक तऱ्हा, माणसाच्या नाका-घशात दुसरी. पक्ष्यांच्या एच५एन१ ला पहिली तऱ्हा लागते, आणि ती आपल्याकडे मुख्यतः फुप्फुसाच्या तळाशी असते. नवापूरचा प्रकार ताजा असतानाच, २००६ च्या मार्चमध्ये, दोन वेगवेगळ्या गटांनी हे प्रसिद्ध केले. विषाणू तळापर्यंत पोचला तर माणूस वाचणे कठीण, पण तिथून तो शिंकेवाटे दुसऱ्याला सहज लागत नाही. जोडणीतला एवढासा फरक कोट्यवधी लोक आणि साथ यांच्या मध्ये उभा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की गायींमध्ये पसरलेल्या एच५एन१ च्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदलले तरी ते माणसाच्या तऱ्हेची साखर धरू लागते. त्यांनी फक्त प्रथिनावर काम केले, जिवंत विषाणूवर नाही. तरी वाचून झोप उडावी असाच तो निबंध आहे.

याच विषाणूत सुटण्याचे महत्त्वही सर्वांत स्पष्ट दिसते. पेशीतून बाहेर पडणारे नवे विषाणू त्याच साखरेला पुन्हा चिकटून तिथेच अडकून पडले असते. म्हणून फ्लूकडे ती साखर कापणारे न्युरामिनिडेज हे दुसरे प्रथिन असते. टॅमिफ्लू हे औषध पकडणाऱ्या प्रथिनाला हातही लावत नाही, ते कापणाऱ्याला निकामी करते. विषाणूला सुटू दिले नाही की संसर्ग मंदावतो. पकड आणि काप यांचा तोल बिघडला तरी फ्लू लुळा पडतो.

आणि प्लेग? इथे कुलूप-किल्लीचे चित्र पार कोलमडते. यर्सिनिया पेस्टिस हा आतड्याला त्रास देणाऱ्या एका साध्या जंतूपासून, यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिसपासून, काही हजार वर्षांपूर्वी फुटला. त्या पूर्वजाकडे इन्व्हेसिन नावाचे पकडीचे प्रथिन आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत इस्बर्ग आणि फॉल्को यांनी त्याचे एकच जनुक निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातले, तर तोही माणसाच्या पेशीत शिरू लागला. एका जनुकाने एवढी ताकद येते तर प्लेगच्या जंतूत ते केवढे प्रबळ असेल, असे वाटावे. प्रत्यक्षात प्लेगच्या जंतूत हे जनुक मोडलेले आहे, आणि पकडीचे दुसरे मोठे प्रथिन याडए हेही मोडलेले आहे. १९८८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी पूर्वजातली ही दोन्ही जनुके मुद्दाम बंद केली, तेव्हा तो उंदरांना जास्त जीवघेणा ठरला.

पकड सोडल्याने जंतू भयंकर का व्हावा? आतड्याच्या अस्तराला धरून बसणे पूर्वजाच्या पोटापाण्याचे होते. प्लेगच्या जंतूला तिथे बसायचेच नाही. त्याला रक्तात जायचे आहे, कारण पिसू रक्त पिते. एआयएल नावाच्या लहान प्रथिनावर तो काम भागवतो. तो मुख्यतः आपल्या संरक्षक पांढऱ्या पेशींनाच गाठतो, त्यांना टेकताच सुईसारख्या यंत्राने आत विषारी प्रथिने सोडतो आणि त्यांना लुळे करतो. २०१९ मध्ये अशा पेशींवरची त्याची एक धरण्याची जागाही सापडली. त्याचे पीएलए हे प्रथिन चिकटते आणि शिवाय शरीराने वाट अडवायला केलेली गुठळीही विरघळवते. याच प्रथिनाशिवाय त्याला फुप्फुसात नीट वाढता येत नाही, हे २००७ मध्ये दिसले. पिसवेच्या पोटात हाच जंतू दाट चिकट थर करून तिची अन्ननलिका तुंबवतो. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि चावताना जंतू ओकते. माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांत आला की तो थर बंद आणि एफ१ नावाचे निसरडे कवच सुरू. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवेवर बोट ठेवले तेव्हा लोक हसले होते. त्या लहानशा किड्यातून माणसात येताना जंतू आपली सगळी चिकटण्याची रीतच बदलतो, हे कळायला आणखी शंभर वर्षे गेली.

बाकी काही उदाहरणे धावती घ्यावी लागतात. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींना त्यांच्या आवरणातल्या लॅमिनिन प्रथिनामार्फत धरतो, म्हणून बधिरपणा आधी येतो. लहान मुलांना जुलाब करणारी ई. कोलायची एक जात तर धरण्याची जागाच सोबत आणते: आधी पेशीत आपले प्रथिन टोचते, ते पेशीच्या पृष्ठभागावर उभे राहते आणि मग जंतू त्यालाच चिकटतो. हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा शास्त्रज्ञांनाही क्षणभर पटले नसावे. दक्षिण गुजरातेत भात-उसाच्या शेतांत पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या जखमेतून शिरतो. तो जंतू एकाच प्रथिनावर विसंबत नाही, म्हणून त्याची एक किल्ली शोधण्यात फार अर्थ नाही. डेंगीत आपल्याच जुन्या, अर्धवट जुळणाऱ्या अँटिबॉडी विषाणूला पेशीपर्यंत हात धरून नेतात. महाराष्ट्रात २०२० च्या अखेरीस नजरेस आलेल्या कोविडच्या रूपातूनच पुढे डेल्टा झाला. त्यात एक बदल एसीई२ ग्राहीला धरणाऱ्या भागात होता आणि दुसरा प्रथिन कापले जाण्याच्या जागी. माझ्या मते दुसऱ्याची चर्चा फार कमी झाली.

उपचारांकडे पाहिले तर चिकटणे थेट अडवणारी औषधे बोटांवर मोजण्याइतकी. एचआयव्हीसाठी २००७ मध्ये आलेले मॅराविरॉक पेशीवरचा सीसीआर५ ग्राही झाकते, पण विषाणू दुसरा ग्राही वापरत असेल तर ते निरुपयोगी. कारणे वर येऊन गेलीच आहेत: धरण्याच्या जागा अनेक, प्रथिने बदलती, आणि जंतू पेशीत शिरून बसला की बाहेरची नाकेबंदी उशिराची. लशींचे बरे चालले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ ही मलेरियाची लस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शिफारशीत घेतली. डासाने सोडलेल्या फाल्सिपेरमच्या अंगावरचे आणि यकृताला धरायला मदत करणारे प्रथिन ती लक्ष्य करते. ती मुख्यतः आफ्रिकेतल्या मुलांसाठी आहे. सुरतेतल्या व्हायव्हॅक्सला तिचा उपयोग नाही.

व्हायव्हॅक्ससाठी चिटणीस यांच्या तुकड्यावर आधारलेली लस ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांना दिली गेली आणि मग त्यांना मुद्दाम संसर्ग केला गेला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: एका गटात परोपजीवीच्या वाढीचा वेग सरासरी निम्म्यावर आला. गंमत अशी की हा गट ठरवलेल्या वेळापत्रकाचा नव्हता. कोविडने चाचणी थांबली, शेवटचा डोस कित्येक महिने लांबला, आणि नेमका लांबलेल्या डोसाचाच परिणाम चांगला निघाला. निम्मा वेग म्हणजे ताप टळणे नव्हे. शिवाय मादागास्कर आणि इथिओपियात डफी नसलेल्या माणसांतही व्हायव्हॅक्स सापडू लागला आहे, म्हणजे त्याला दुसरी वाट आहे. ही लस एकट्याने पुरेल असे मला वाटत नाही. २०१८ मध्ये व्हायव्हॅक्सचे आणखी एक पकडीचे प्रथिन कळले. ते कोवळ्या तांबड्या पेशीवरचा ट्रान्सफेरिन ग्राही धरते. दोन्ही एकाच लसीत घालून, लांब अंतराच्या डोसांनी, भारतासारख्या व्हायव्हॅक्सच्या देशात चाचणी व्हायला हवी.